आधी समोरच्याचं

आमच्या गावातून पहाटे साडेचारला भाजीची एक गाडी वर्ध्याला जाते. गाडी अल्लीपूरच्या ज्ञानेश्वरची. तीस कॅरेट भरले तरच तो येतो, त्याखाली त्याला परवडत नाही. म्हणून कोणाचे किती कॅरेट आहेत हे आदल्या संध्याकाळी सातच्या आत त्याला कळावं लागतं. पूर्वी सगळे फोन करायचे. मग अमक्याचा फोन आला की नाही यावरून भांडणं व्हायची. शेवटी ज्ञानेश्वर म्हणाला, "फोनवरचं कोणाले दिसते? लिहून द्या." तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर 'भाजीगाडी ४.३०' हा ग्रुप निघाला.

ग्रुपवर लिहायचं ते एवढंच: नाव, भाजी, कॅरेट. ज्ञानेश्वर दिवसभर दुसऱ्याची गाडी चालवतो आणि चालवताना फोन उचलत नाही. संध्याकाळी सातला चहा पिता पिता तो एकदाच ग्रुप उघडतो, आकडे तळहातावर पेनानं लिहितो, जेवतो आणि फोन बंद करून झोपतो. पहाटे तळहात पाहत गावात येतो. ज्याचं नाव हातावर नाही, त्याच्या दाराशी गाडी थांबत नाही.

अ‍ॅडमिन मला केलं. माझे स्वतःचे वांग्याचे दोनच कॅरेट असतात, तेही एक दिवसाआड. पण चौतीस वर्षं मी इथल्याच जिल्हा परिषद शाळेत शिकवलं. ग्रुपमधले निम्मे लोक माझ्यापुढे पाढे म्हणत मोठे झालेले. गुरुजी असले की पोरं नीट वागतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. गुरुजी वर्गात असतानाही ती कशी वागत होती, हे बहुतेक कोणाला आठवत नव्हतं.

त्यात दोघं विशेष. धनंजय आणि सचिन. शाळेत एका बाकावर बसायचे, आता दोघांच्या शेतांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आहे. धनंजयकडे ट्रॅक्टर आहे, सचिनकडे बैलजोडी. दोघांची वांगी सारखी, दोघांचे कॅरेट सारखे, आणि जगातल्या कोणत्याही विषयावर दोघांची मतं उलट. या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि मतांना चांगलं पाणी मिळालं. धनंजय विकास पॅनलचा, सचिन परिवर्तन पॅनलचा. विकास पॅनलचं म्हणणं, एसटी थांब्याजवळ गावाच्या नावाची भव्य कमान बांधायची. परिवर्तन पॅनलचं म्हणणं, आधी नाल्यावरचा रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल, उंच करायचा.

"यंदा विकास पॅनल. नऊपैकी आठ. लिहून घ्या," धनंजयनं एका संध्याकाळी टाकलं.

"लिहून कायले घ्याचं?" सचिनचं लगेच उत्तर. "मागच्या वेळी बी तू लिहून देल्लं होतं. तुह्या घरचे चार मतं बी भेटले नोते तुमच्या माणसाले."

"माही बायको माहेरी गेलती तवा."

"मतदानाच्या दिवशीच बरी गेली. तिले बी माहीत होतं का हे फोकनाड हाये, नुसत्या बाता."

"तू पाह्य ना बे तुह्यं. रपटा रपटा करून राह्यला. वर्षातून चार दिवस पाणी जाते त्याच्यावरून. बाकीचे दिवस काय रपट्याची पूजा कराची?"

"अन् कमानीचं काय कराचं? तिच्याखाली वांगे वाळत घालतं का?"

यावर वीस जणांनी हसणारी तोंडं टाकली. मग मंदाबाईंचा आवाज आला. मंदाबाईंना लिहिता येत नाही, त्या बोलून पाठवतात आणि फोन तोंडाच्या फार जवळ धरतात. "अरे पोट्टेहो, माह्ये दोन कॅरेट वालाच्या शेंगाचे लिहा रे कोणीतरी. काऊन भांडून राह्यले? तुमची कमान बी मी नाई पाहत अन् रपटा बी नाई पाहत. माह्या डोयात मोतीबिंदू हाये."

मीच ते दोन कॅरेट लिहिले. मला वाटलं, चार घटका करमणूक आहे, निवडणूक संपली की हेही संपेल.

मोहिनीला ही करमणूक महागात पडली.

मोहिनी नाल्यापलीकडे राहते. नवरा रत्नदीप हिंगणघाटला कामाला, आठवड्यातून एकदा घरी. अर्धा एकर ती एकटी पाहते आणि त्यात मेथी-कोथिंबीर लावते. वांगं एक दिवस थांबतं, मेथी थांबत नाही. त्या महिन्यात तिला सावंगीच्या एका मुलींच्या होस्टेलच्या मेसचं काम मिळालं होतं. मेस चालवणाऱ्या सपनाताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "महिनाभर पाहते. एक दिवसाआड, सकाळी सहाच्या आत भाजी दारात पाहिजे. पोरींचे पराठे असतात, मी त्यांना थांबवू शकत नाही. एकदा चुकलं तर समजून घेईन. दुसऱ्यांदा चुकलं तर दुसरं कोणीतरी पाहावं लागेल." बाजारातल्या हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, भरवशावर रोज जगण्यापेक्षा एक ठरलेलं दार मिळणं म्हणजे काय, हे भाजी पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. महिना नीट गेला असता तर ते दार वर्षभरासाठी तिचं होतं.

महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तिनं लिहिलं, "मोहिनी – मेथी ९, कोथिंबीर ४." त्याच्यावर आणि खाली मिळून त्या संध्याकाळी एकशे चाळीस मेसेज होते. त्या दिवशी वाद गावाचाही नव्हता, परदेशातून येणाऱ्या कापसाचा होता. आमच्या ग्रुपमध्ये कोणाकडेच कापूस नाही, त्यामुळे मतं अगदी मोकळेपणानं आली. ज्ञानेश्वरचा चहा संपला तरी ग्रुप संपेना. त्यानं दिसले ते आकडे हातावर घेतले. मोहिनीचा आकडा दिसला नाही. तिच्या घरासाठी गाडी रपटा ओलांडून वळसा घालते, त्यामुळे वाटेत सहज दिसली असंही होण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती माझ्या ओसरीवर आली. हातात मेथीची एक जुडी होती. तेरा कॅरेट घेऊन ती पहाटे चारपासून रस्त्यावर उभी होती. फोन लावला होता, पण गाडी चालवताना ज्ञानेश्वर उचलत नाही.

"गुरुजी, याचा फोटो काढा अन् ग्रुपवर टाका," ती म्हणाली. जुडी मान टाकून पडली होती.

"सपनाताई काय म्हणाल्या?"

"समजून घेतलं म्हणाल्या. एकदा घेणारच होत्या, ते झालं." ती पायरीवर टेकली. "आता महिन्याचे वीस दिवस राह्यले. एकदाही चुकून चालत नाई."

मी म्हणालो, "ग्रुपवर राजकारण बंद म्हणून सांगतो."

"ऐकतील?"

"नाही. पण फोनमध्ये एक सोय आहे म्हणे. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं."

"मग कॅरेट कोण लिहीन? रोज पस्तीस जणं तुम्हाले फोन करतीन अन् तुम्ही लिहान?"

ते खरं होतं. मी फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं, 'आज ही मेथी गाडीत चढली नाही. काल आपण कापसावर बोलत होतो.' मला वाटलं, लाज वाटेल. लाज वाटलीच, फक्त प्रत्येकाला ती दुसऱ्याची वाटली. धनंजयनं लिहिलं की मोहिनी वहिनीचं नुकसान सचिनमुळे झालं. सचिननं लिहिलं की रपटा उंच असता तर ज्ञानेश्वर रोजच तिकडून गेला असता, म्हणजे नुकसान विकास पॅनलनं केलं. संध्याकाळपर्यंत मेथी मागे पडली आणि पॅनल उरले. सहा वाजता पडद्यावर करड्या अक्षरांत ओळ आली की सचिन ग्रुपमधून बाहेर पडला. त्याच्यामागे आणखी चौदा जण. दहा मिनिटांत नवा ग्रुप निघाला. नाव, 'भाजीगाडी (खरी)'.

ज्ञानेश्वर त्या ग्रुपातही होता. सात वाजता त्यानं दोन्हीकडे एकच मेसेज टाकला. इतक्या दिवसांत त्यानं लिहिलेला हा पहिलाच मेसेज. "इकडे १७ कॅरेट. तिकडे १६. सतरावर गाडी निघत नाई. सोळावर बी नाई. दोन्ही मिळून ३३ होते, हे मले सातवी नापास असून समजते. उद्या गाडी नाई."

त्या रात्री मोहिनीची पाळी नव्हती. पण तिच्या पुढच्या पाळीला एकच दिवस होता.

मी दोघांना सकाळी घरी बोलावलं. सुट्टी होती, म्हणून ओसरीवर मुलांचा वर्ग चालू होता. निवृत्त झाल्यावरही सुट्टीच्या दिवशी आसपासची दहा-बारा मुलं येतात. वाचतो, गणितं करतो आणि शेवटी एक वाद घालतो. त्या दिवशी विषय होता, सायकल बरी की एसटी. धनंजय आणि सचिन एकाच वेळी आले, एकमेकांकडे न पाहता चपला काढल्या आणि सतरंजीच्या दोन टोकांना बसले. मी म्हटलं, थांबा, यांचं संपू द्या.

मोहिनीची मुलगी वर्षाली एसटीकडून बोलली होती. आता अंकिताची पाळी होती, ती सायकलची. अंकिता उभी राहिली आणि म्हणाली, "वर्षालीचं म्हणणं असं आहे, की पावसात सायकलवर भिजायला होतं, एसटीत होत नाही. आणि मुलींना एसटीचा पास फुकट आहे. आणि आजीला सायकलवर बसता येत नाही."

"हाव, हेच," वर्षाली म्हणाली.

"आता माझं. एसटी सातलाच येते. माझी शाळा अकराला असते."

"काय करून राह्यले हे?" सचिननं कुजबुजत मला विचारलं.

"तुम्हीही केलं आहे," मी म्हटलं. "आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरचा 'हाव, हेच' म्हणाला, तरच आपलं बोलायचं. आठवतं? बैल बरा की ट्रॅक्टर?"

"मी बैलाकडून होतो," धनंजय म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

तेवढ्यात मोहिनी वर्षालीला न्यायला आली. दोघांना पाहून तिनं पदर सारखा केला आणि उभ्या उभ्याच बोलली. "भाऊजी, तुमचे दोन ग्रुप राहू द्या नाईतर चार करा. मले उद्या पहाटे गाडी पाहिजे. आमच्या घरी ही पोरगी हेच करते. भांडण झालं का म्हणते, आधी समोरच्याचं सांग. मले अर्ध्या वेळी भांडताच येत नाई."

सतरंजीवर बसून दहा वर्षांच्या मुलांसमोर 'आम्हाला हे जमणार नाही' असं म्हणणं कठीण असतं. दुपारी सचिन आणि चौदा जण परत आले, आणि मी ग्रुपवर नियम लिहिला: 'कॅरेट केव्हाही लिहा. बाकी काहीही बोलायचं असेल तर आधी समोरच्याचं म्हणणं लिहायचं. तो "हाव, हेच" म्हणेल, मगच आपलं.'

पहिल्या संध्याकाळी धनंजयनं लिहिलं, "सचिनचं म्हणणं असं का त्याले गावाची प्रगती पाहवत नाई."

"हे नाई," सचिन.

"सचिनचं म्हणणं असं का त्याच्या पॅनलनं जे सांगतलं तेच त्याचं म्हणणं."

"हे बी नाई. तुले वाचता येते का बे?"

मी मध्ये पडलो, "सचिन, 'वाचता येतं का' हे तुझं मत झालं. धनंजयचं सांगितल्याशिवाय नाही."

"सॉरी गुर्जी. धनंजयचं म्हणणं असं का तो..." मग, "उद्या सांगतो."

त्या दिवशी ग्रुपवर कॅरेट सोडून फक्त अकरा मेसेज झाले. मोहिनीचे तेरा कॅरेट स्वच्छ दिसत होते. पहाटे गाडी रपटा ओलांडून गेली.

असे दहा-बारा दिवस गेले. दुसऱ्याचं म्हणणं लिहायचं म्हणजे आधी ते कळावं लागतं, आणि हे फार कष्टाचं काम आहे हे दोघांच्या लक्षात आलं. धनंजय सात वेळा नापास झाला. आठव्या वेळी तो म्हणे मोटारसायकल घेऊन रपट्यावर गेला आणि तिथं पाण्याच्या खुणा पाहत बसला. कडेच्या दगडावर कोणीतरी दर पावसाळ्यात चुन्यानं रेघ मारून ठेवली होती. सगळ्यात वरची रेघ त्याच्या छातीशी आली. संध्याकाळी त्यानं लिहिलं, "सचिनचं म्हणणं असं का पाणी चार दिवस जाते, पण ते चार दिवस कोणते ते आधी माहीत नसते. बारा घरं तिकडे राहतात. कोणाची डिलिव्हरी असन, कोणाची परीक्षा असन, तर त्याले चार दिवस थांब म्हणता येत नाई."

सचिनचं उत्तर आलं. "हाव. हेच. मी बी इतकं बरं नोतं सांगतलं."

तिकडे सचिनला कमानीचं कळेना. कमान मागणारे लोक केवळ मूर्ख आहेत, यापलीकडे त्याला म्हणणं सापडेना, आणि ते लिहिलं की धनंजय 'हे नाई' म्हणे. शेवटी त्यानं आपल्या एका साळ्याला फोन केला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पुतण्याची वरात आमचं गाव सोडून पुढच्या गावात जाऊन उतरली होती. तिथल्या लोकांनी चहा पाजला, नवरदेवाला ओवाळलं, मग लक्षात आलं की नवरी इथं नाही. इकडे नवरीचा बाप दोन तास रस्त्यावर उभा होता. सचिननं हे सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं, "धनंजयचं म्हणणं असं का रस्त्यावरून जाणाऱ्याले आपलं गाव दिसतच नाई. आपण कुठले म्हणून विचारलं का आपण अल्लीपूरजवळ म्हणतो. आपल्याले नाव हाये, पण ते कोणी वाचलं नाई."

धनंजयनं लिहिलं, "हाव, हेच," आणि खाली डोळ्यात पाणी आलेलं एक तोंड टाकलं.

मी खरंच सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. मी मुलांना वर्गात हे मेसेज वाचून दाखवले. मोहिनीचा एकही दिवस चुकला नव्हता. मी स्वतःशी म्हणालो, गावात एवढं झालं तर पुष्कळ झालं.

दोन दिवस गेले. मग धनंजयचा मला एकट्याला मेसेज आला. "गुर्जी, एक विचारू? सचिनचं सांगून झालं. आता माह्यं सांगाची पाळी आली, तर मले काही सुचूनच नाई राह्यलं. रपटाच पाहिजे ना?"

त्याच संध्याकाळी सचिन घरी आला, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "कमान वाईट नाई, गुर्जी."

तेव्हा मला आठवलं. सातवीच्या वर्गात, बैल आणि ट्रॅक्टरच्या वादाच्या तिसऱ्या शनिवारी, धनंजय ट्रॅक्टरकडे गेला होता आणि सचिन बैलाकडे. आणि पुढचे दोन महिने त्यांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. मी ते विसरलो होतो. ते विसरले नव्हते, एकानं ट्रॅक्टर घेतला आणि दुसऱ्यानं बैल पाळले.

आठवड्याच्या आत धनंजय परिवर्तन पॅनलच्या सभेत पुढच्या रांगेत बसला आणि सचिन विकास पॅनलची पत्रकं वाटू लागला. परिणामी माझ्या ओसरीवर दोन मोठी माणसं आली. विकास पॅनलचे बंडूजी आधी आले, परिवर्तनचे रामाजी नंतर. दोघांना एकमेकांसमोर बसावं लागलं, कारण खुर्च्या दोनच आहेत.

"गुर्जी, तुम्ही आमचा माणूस फोडला," बंडूजी म्हणाले.

"आमचा बी," रामाजी म्हणाले.

"मी फक्त एकमेकांचं ऐका म्हटलं."

"तेच म्हणतो," बंडूजी म्हणाले. "निवडणुकीच्या दिवसात ऐकाले सांगता का कोणाले? निवडणूक झाल्यावर सांगा ना."

रामाजींनी मान डोलावली. दोन्ही पॅनलचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. नियमाचा जोर समोरच्याचं म्हणणं शोधण्यात होता. आता दोघांनाही समोरच्याचं म्हणणं पाठ होतं, कारण परवापर्यंत ते त्यांचं स्वतःचंच होतं. धनंजय एका ओळीत कमानीची बाजू सांगे, सचिन एका ओळीत 'हाव, हेच' म्हणे, आणि मग गाडी सुसाट. नियम तंतोतंत पाळून भांडण पहिल्यापेक्षा दुप्पट वेगानं चालू झालं.

"सचिनचं म्हणणं, वरात चुकते."

"हाव, हेच."

"मग वरातीले गुगल नाई का बे? रपट्यावरून पाणी जाते ते गुगलले दिसते का?"

"धनंजयचं म्हणणं, पाणी जाते."

"हाव, हेच."

"वर्षातून चार दिवस जाते! बाकीचे दिवस काय रपट्याची पूजा कराची?"

"हे तर माह्यं वाक्य होतं!"

"आता माह्यं हाये. तू सोडून गेलता."

महिन्याचा शेवटचा दिवस आणि प्रचाराचा शेवटचा दिवस एकच आला. दुसऱ्या दिवशी पहाटे मेसची शेवटची पाळी होती. ती गेली की सपनाताई वर्षाचं ठरवणार होत्या. संध्याकाळी सहापर्यंत ग्रुपवर एकशे साठ मेसेज झाले होते. आता दोन्ही पॅनलची मंडळी उतरली होती, प्रत्येकजण नियम पाळत होता, आणि कॅरेटचे आकडे कुठे दिसत नव्हते. मी दोनदा लिहिलं, 'कॅरेट आधी.' त्यावर धनंजयनं लिहिलं, "गुर्जींचं म्हणणं असं का कॅरेट आधी," आणि पुढे आपलं लिहिलं. तो नियम पाळत होता. त्याला काय बोलणार?

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी मोहिनीचा मेसेज आला.

"समोर दोघं आहेत म्हणून दोघांचं लिहिते. धनंजयभाऊजींचं म्हणणं, रपटा उंच करा. सचिनभाऊजींचं म्हणणं, कमान बांधा. बरोबर?"

"हाव, हेच," धनंजय.

"हाव, हेच. वहिनी बी आल्या वादात!" सचिन.

"आता माह्यं म्हणणं. मोहिनी – मेथी ९, कोथिंबीर ४. गाडी नाल्यापलीकडे आली पाहिजे."

धनंजयनं लिहायला सुरुवात केली होती, ते आलं. "तर सचिनचं म्हणणं कमान, पण..."

"भाऊजी," मोहिनीनं लिहिलं, "आत्ता समोर मी आहे. आधी माह्यं."

मंदाबाईंचा आवाज आला. "तिचं म्हना आधी! नियम म्हंजे नियम."

मग धनंजयनं लिहिलं, "मोहिनी वहिनीचं म्हणणं, मेथी ९, कोथिंबीर ४, गाडी नाल्यापलीकडे."

"हाव, हेच," मोहिनी.

"आता माह्यं: वरातीले गुगल..."

"थांब," सचिन. "मोहिनी वहिनीचं म्हणणं, मेथी ९, कोथिंबीर ४, गाडी नाल्यापलीकडे."

"हाव, हेच."

आणि मग त्याला थांबवायला कोणी उरलं नाही. ज्याला बोलायचं होतं, त्याला आधी मोहिनीचे तेरा कॅरेट लिहावे लागत होते. बंडूजींनी लिहिले. रामाजींनी लिहिले. प्रचाराचा शेवटचा तास होता, बोलल्याशिवाय राहवत कोणालाच नव्हतं. सात वाजले तेव्हा मी मोजलं. मेथी ९, कोथिंबीर ४ हे सव्वीस वेळा लिहिलं गेलं होतं, आणि त्यातल्या दोन-तीन जणांनी सवयीनं आपलेही कॅरेट जोडून टाकले होते.

पुढचं मोहिनीनंच सांगितलं. पहाटे चारलाच गाडी तिच्या दारात उभी होती, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. ज्ञानेश्वरनं पहिल्यांदा तिच्याकडे येऊन मग गावात जायचं ठरवलं होतं. त्याचा डावा तळहात मनगटापर्यंत भरला होता.

"वहिनी, काही वांधा झाला का?" त्यानं विचारलं. "सव्वीस जणं तुमचीच मेथी म्हणून राह्यले. मले झोप नाई लागली."

पावणेसहाला भाजी सावंगीला पोचली. सपनाताईंनी जुड्या हलवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या पाळीपासून अकरा आणि पाच चालतील का? वर्षाचं धरून चाला."

निवडणूक झाली. विकास पॅनलचे पाच आले, परिवर्तनचे चार. सचिननं पेढे वाटले. धनंजयनं दोन खाल्ले आणि म्हणाला, "या विजयात माह्या बी वाटा हाये, पॅनल मीच उभं केलतं." नव्या ग्रामपंचायतीनं पहिल्याच सभेत कमान मंजूर केली. जागा मात्र एसटी थांब्यावर मिळाली नाही, तिथं रस्त्याचं रुंदीकरण आहे. म्हणून ती रपट्याच्या तोंडाशी बांधायची ठरली आहे.

हे कळलं त्या संध्याकाळी ग्रुपवर पुन्हा धुमाकूळ झाला. कमान रपट्यावर म्हणजे कोण जिंकलं आणि कोण हरलं, यावर नव्वद मेसेज झाले. मग सचिननं विचारलं, "वहिनी, तुम्ही तर तिकडेच राहता. तुम्ही कोणाले मत देल्लं होतं?"

मोहिनीनं लिहिलं, "आधी माह्यं म्हणणं सांगा. बरोबर असलं तर हाव म्हणते."

पडद्यावर वर अक्षरं आली: धनंजय टाइप करत आहे. मग ती गेली. सचिन टाइप करत आहे. तीही गेली. मग बंडूजी. मीसुद्धा फोन हातात घेऊन लिहायला बसलो. मेथी आणि कोथिंबीर मला बरोबर आठवत होती. पण ती रोज रपटा ओलांडून येते, पावसात कशी येते, कमान हवी म्हणते की नको म्हणते, हे एवढ्या दिवसांत मी तिला विचारलंच नव्हतं. मी लिहिलेलं पुसलं.



शेवटी धनंजयनं लिहिलं, "वहिनी, तुम्हीच सांगा."

"सांगते," मोहिनीनं लिहिलं. "पण सातला दोनच मिनिटं राह्यले. आधी हे घ्या. मोहिनी – मेथी ११, कोथिंबीर ५."